सोडा म्हटल्याशिवाय

मिस्त्रीचं गॅरेज शाळेच्या अगदी समोर होतं, आणि हे समोर असणं त्याला जन्मभर नडलं. लहानपणी तो शाळेच्या खिडकीत बसून इकडच्या गाड्या बघायचा आणि गणितात नापास व्हायचा. मोठेपणी इकडे गाडीखाली पडल्या पडल्या त्याला पलीकडचं फाटक दिसायचं, आणि त्या फाटकातून गणिताचे सर बाहेर पडताना दिसले की त्याचे हात आपोआप नीट चालू लागायचे.

सरांनी कधी कुणाला मारलं नाही. वर्गात फिरता फिरता ते मागे येऊन उभे राहायचे आणि उजव्या हातातली जाड चांदीची अंगठी बाकावर दोनदा वाजवायचे. टक टक. म्हणजे, मी इथे उभा आहे. बस, एवढंच. चुकलेल्या गणिताखाली पोरांना घाम फुटायला तेवढं पुरायचं.

बारा वर्षांपूर्वी सरांनी करड्या रंगाची सात जणांची एसयूव्ही घेतली आणि मिस्त्रीच्या दारात आणून उभी केली. "वर्गात तुला मी तपासलं, आता हिला तू तपास," म्हणाले. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी गाडी यायची आणि गाडीबरोबर सरांची वहीही यायची. वहीत रकाने आखलेले. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, बेल्ट, टायरची अदलाबदल, बॅटरीची टोकं, ब्रेकचे पॅड, ब्रेक ऑइल. काम झालं की मिस्त्रीने बॉलपेनने बरोबरची खूण करायची आणि सरांनी खाली सही करायची. या वहीवरूनच मिस्त्रीला पुढे अक्कल सुचली आणि त्याने सगळ्याच गिऱ्हाइकांची अशी कार्डं करून भिंतीवरच्या फळ्याला खिळ्यांवर लावली. लोकांना ते फार आवडायचं. कार्ड दिसलं की माणूस बिनघोर होतो.

आता ब्रेक ऑइलबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडकलं आहे. हे तेल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. हवेतला ओलावा शोषून ते बाद होतं, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की नेमकं तिथे दगा देतं. बदलायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल तीन-चारदा दाबायचं आणि मग घट्ट दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकापाशी बसून छोटा स्क्रू सैल करायचा, नळीतून जुनं तेल बाटलीत येऊ द्यायचं, स्क्रू आवळायचा, आणि मगच आतल्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा आत शिरते आणि केलेली मेहनत पाण्यात जाते.

मिस्त्री म्हणजे एकटा जीव सदाशिव. मदतनीस त्याच्याकडे कधी टिकला नाही, त्यामुळे पेडलवर गिऱ्हाइकालाच बसावं लागायचं. सर हौसेने बसत. पहिल्याच वेळी त्याने त्यांना बजावलं होतं, "सर, दाबा म्हटलं की दाबायचं. आणि सोडा म्हटल्याशिवाय काही झालं तरी सोडायचं नाही." आयुष्यात पहिल्यांदाच त्याने सरांना काही शिकवलं होतं, आणि सरांनी ते पहिल्या बाकावरच्या पोरासारखं मनावर घेतलं. कॉम्प्रेसरच्या आवाजाने मिस्त्रीचा डावा कान अधू झाला होता. म्हणून पेडल पूर्ण दाबलं की सर अंगठी स्टिअरिंगवर वाजवत. टक टक. म्हणजे, धरलंय.

सर जाऊन चार महिने झाले होते. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. आणि त्या सकाळी त्यांची मुलगी करडी गाडी घेऊन गॅरेजात आली. बरोबर सात वर्षांची लेक होती. ती गाडीला 'हत्ती' म्हणायची आणि उतरताना तिने हत्तीला थोपटलं.

"मिस्त्रीकाका, आज दुपारीच निघायचंय," सरांची मुलगी म्हणाली. "नोकरी लागली मला तिकडे, डोंगराखाली. सामान पुढे गेलं. आता मी, ही आणि हत्ती. तासभर नुसता उताराचा रस्ता आहे, वळणावळणाचा. बाबा असते तर म्हणाले असते, आधी गाडी दाखव."

"म्हणाले असते काय, घेऊनच आले असते," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही निर्धास्त राहा, ताई."

"मी समोर शाळेत जाऊन हिचा दाखला घेते. तिथे किती वेळ लागेल सांगता येत नाही. आले की पेडल मी धरेन. बाबांनी शिकवलंय मला."

दोघी रस्ता ओलांडून गेल्या. मिस्त्रीने गाडी शेडमध्ये घेतली, तोंड रस्त्याकडे आणि पाठ भिंतीकडे. बॉनेट उघडून दांडीवर टेकवलं. मग चारही कोपरे जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवले आणि चाकं काढली. पत्र्याचं छप्पर तापायला लागलं होतं आणि मधूनमधून कडकड वाजत होतं. इंजिन ऑइल खाली काढलं, काळं झालं होतं. फिल्टर बदलले. एअर फिल्टरमध्ये बोटभर धूळ आणि एक वाळकं पान निघालं. कूलंट ठीक, बेल्टला जरा भेगा, पण अजून वर्षभर मरण नव्हतं. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी त्याने गरम पाण्याने धुतली. एक लाख अडतीस हजार किलोमीटर चाललेली गाडी, पण घरात वाढलेली होती, हे हात लावताच कळत होतं.

आकडा लिहायला म्हणून त्याने डॅशबोर्डच्या कप्प्यातली वही काढली आणि मागच्या सर्व्हिसचं पान उघडलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. सात महिन्यांपूर्वीची ती सर्व्हिस त्याला पक्की आठवत होती. सर तेव्हा अंथरुणाला खिळलेले, गाडी शेजाऱ्याने आणून सोडलेली. त्या वेळी ब्रेक ऑइल बदलायचं होतं. पेडलवर बसायला कुणी नव्हतं. बॉनेटखालच्या तेलाच्या वरच्या डबीत घोटभर नवं तेल ओतून मिस्त्रीने वहीत बरोबरची खूण केली होती. एवढ्याने काय होतंय, म्हातारा गाडी काढतोय कुठे, असा विचार त्याने केला होता. असा विचार त्याने फक्त त्याच वेळी केला होता असंही नाही.

खूण जागेवर होती. तिच्या शेजारी पेन्सिलने, अगदी बारीक, एक प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. खाली सरांची सही नव्हती.

मिस्त्रीने वही मिटली. त्याला लाज वाटली, तशी शाळेतही कधी वाटली नव्हती. सरांना कळलं होतं. कळून त्यांनी मूग गिळले होते, तो आपणहून सांगेल म्हणून वाट बघितली होती, आणि वाट बघता बघताच गेले होते. आणि आता त्यांची मुलगी आणि नात त्याच जुन्या तेलावर तासभराचा उतार उतरणार होत्या.

तो डाव्या मागच्या चाकापाशी बुटक्या स्टुलावर बसला. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची असते. स्क्रूला नळी लावली, बाटली ठेवली, पाना चढवला. आता ताई येईपर्यंत थांबायचं. तेवढ्यात ड्रायव्हरच्या बाजूचं दार लागल्याचा आवाज आला. धप्प.

"आलात का, ताई?"

उत्तर आलं नाही. आलं असेल तर डावा कान त्या बाजूला होता.

"दाबा म्हटलं की तीन-चारदा दाबून धरायचं. सोडा म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. दाबा!"

मागची भिंत लाल झाली, विझली, पुन्हा लाल झाली. पेडल दाबलं की मागचे दिवे लागतात, आणि भिंत दोन हातांवर होती. चौथ्यांदा लाल झाली ती तशीच राहिली. मग आतून आवाज आला.

टक टक.

मिस्त्रीला बरं वाटलं. बापाने पोरीला हेसुद्धा शिकवलं होतं तर. त्याने स्क्रू सैल केला. नळीतून चहासारखं तपकिरी तेल आलं, त्यात बुडबुडे. स्क्रू आवळला.

"सोडा."

भिंत विझली.

सहा-सात वेळा असं झाल्यावर तेल स्वच्छ यायला लागलं. तो उठून पुढे गेला आणि वरच्या डबीत नवं तेल ओतलं. बॉनेट उभं असल्यामुळे काचेपलीकडचं काही दिसत नव्हतं. मागून वळसा घालून तो उजव्या मागच्या चाकाशी बसला. खिडक्यांना सरांनी उन्हासाठी लावलेल्या काळ्या जाळ्या होत्या. खालून तर गाडीचा नुसता पत्राच दिसायचा.

"दाबा."

टक टक.

"सोडा."

पेडल फार शिस्तीत चाललं होतं. घाई नाही, आळस नाही. अर्धवट दाब तर एकदाही नाही. बायाबापड्यांना पहिल्यांदा हे जमत नाही, पाय भरून येतो. मिस्त्री कामाच्या लयीत आला, आणि लयीत आलेल्या माणसाची जीभ सैल होते.

"ताई, एक सांगू का?" तो चाकाच्या पोकळीकडे बघत म्हणाला. "मागच्या खेपेला हे काम मी केलं नव्हतं. खूण केली, काम नाही केलं. सरांना कळलं होतं. वहीत बघा, प्रश्नचिन्ह आहे. त्यांच्याशी तोंड उघडायला मला जमलं नाही. आणि नंतर राहूनच गेलं. दाबा."

भिंत लाल झाली नाही.

छप्पर कडकडलं. मिस्त्री पाना धरून बसून राहिला. त्याला वाटलं, आता ही खाली उतरणार आणि चार शब्द सुनावणार, आणि बरोबरच आहे तिचं.

मग भिंत सावकाश लाल झाली. आतून आवाज आला, नेहमीपेक्षा जरा हळू.

टक टक.

त्याच्या जिवात जीव आला. सांगितल्याने डोक्यावरचं ओझं खरंच उतरतं, हे त्याला या वयात कळलं. उजवं मागचं चाक संपवून, डबी पुन्हा भरून, तो शीळ घालत पुढच्या डाव्या चाकाशी येऊन बसला. इथून फाटक दिसायचं, रस्ता दिसायचा, पलीकडे शाळेच्या पायऱ्या दिसायच्या.

"दाबा."

टक टक.

त्याने स्क्रू सैल केला. हा सातवा दाब होता, आता स्वच्छ तेल नळीत उतरू लागलं. सवयीने त्याने मान वर केली.

शाळेच्या पायऱ्यांवरून सरांची मुलगी उतरत होती. एका हातात कागद, दुसऱ्या हातात लेकीचा हात. शेवटच्या पायरीवर पोर थांबली, बुटाची नाडी सुटली होती. आई वाकून ती बांधायला लागली.

नळीत तेल उतरतच होतं.

मिस्त्रीने बाटलीकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग पुन्हा बाटलीकडे. मानेवरचा घाम एकदम गार झाला. त्याला उठून पळायचं होतं. पण स्क्रू उघडा होता. उघडा टाकून गेलं तर हवा आत जाते.

त्याने स्क्रू आवळला.

"सोडा," तो म्हणाला. आवाज फाटला होता.

मागची भिंत विझली.

एक चाक उरलं होतं. पुढचं उजवं, ड्रायव्हरच्या दाराला लागून. तीन चाकांत नवं तेल आणि एकात जुनं, म्हणजे उतारावर गाडी एका अंगाला खेचणार. हे त्याला ठाऊक होतं, आणि आणखी कुणाला तरी ठाऊक होतं.

पलीकडे पोरीने आता दुसरा बूट पुढे केला होता.

मिस्त्री उठला. बॉनेटच्या पुढून, नजर जमिनीवर ठेवून, स्टूल ओढत पलीकडे गेला. पाठ दाराकडे करून बसला. दार त्याच्या खांद्यापासून वीतभर होतं.

नळी लावली. पाना चढवला.

"दाबा, सर," तो म्हणाला.

पेडलची स्प्रिंग कुरकुरली. एकदा. दोनदा. तीनदा. मग थांबली.

टक टक. इतक्या जवळून, की अधू कानालाही स्पष्ट ऐकू आलं.

तपकिरी तेल आलं. सोडा. दाबा. टक टक. पुन्हा तपकिरी. सोडा. दाबा. तो मोजत नव्हता, त्याचे ओठ मोजत होते. सातव्यांदा तेल पाण्यासारखं नितळ आलं. त्याने स्क्रू शेवटचा आवळला, पुसला, टोपी बसवली.

आता शेवटचं 'सोडा' म्हणायचं होतं. तो तसाच उठला आणि बॉनेट खाली घेतलं.

काचेपलीकडे ड्रायव्हरची सीट होती. सीटवर ऊन होतं.

मागची भिंत मात्र लाल होती.

"काका, झालं आमचं!" रस्ता ओलांडून सरांची मुलगी आत आली. "चला, पेडल धरते. कुठे बसू?"

"झालं, ताई."

"झालं? एकट्यानेच? कसं काय?"

"झालं," मिस्त्री म्हणाला.

तिने दाखल्याची पिशवी ठेवायला ड्रायव्हरचं दार उघडलं, आणि भिंत विझली. तिला ते दिसलं नाही. ती म्हणाली, "सीट एवढी मागे का सारलीत? माझा पाय पोचायचा नाही," आणि सीट पुढे ओढून घेतली.

मिस्त्रीने चाकं पुढची मागे, मागची पुढे करून बसवली. नट दोनदा आवळले. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली, ब्रेक लोण्यात सुरी फिरावी तसे लागत होते. वहीत त्याने आजच्या रकान्यात खुणा केल्या आणि मागच्या पानावरच्या खुणेवर काट मारली. खाली लिहिलं, 'केलं नव्हतं. आज केलं.' तीन वाजता हत्ती निघाला. पोर मागच्या काचेतून हात हलवत होती. आपलं काहीतरी करायचं राहिलंय असं मिस्त्रीला वाटत राहिलं, पण काय ते ध्यानात येईना.

दिवेलागणीला तो हात धूत होता तेव्हा फोन वाजला.

"पोचलो, काका." सरांच्या मुलीचा आवाज दमलेला होता, पण सुखरूप होता. "एका वळणावर ट्रक आडवा बंद पडलेला. इशाऱ्याला दगड मांडून ठेवले होते, पण वळण संपेपर्यंत दिसलेच नाहीत. गाडी हातभर अलीकडे थांबली. ही मागे झोपलेली, तिला कळलंसुद्धा नाही."

"देव पावला, ताई."

तिने आवाज खाली आणला. "काका, तुम्ही हसाल. माझा पाय पोचायच्या आधीच पेडल खाली गेलं होतं. मी दाबलंच नाही. नुसता पाय ठेवला, तर ते आधीच दाबलेलं होतं."

"नवं तेल आहे ना," मिस्त्री म्हणाला. "पेडल हलकं लागतं. झोपा आता."

फोन ठेवून त्याने टॉवेलने हात पुसले. डोळे भरून आले होते, ते त्याने त्याच टॉवेलने पुसले. मग कामाला लागला. शेडमध्ये दाताच्या डॉक्टरीणबाईंची पांढरी छोटी गाडी उभी होती. कालच तयार झालेली, सकाळी न्यायला येणार होत्या. कार्डावर किलोमीटर लिहायचे राहिले होते. त्याने फळ्यावरच्या खिळ्यावरून कार्ड काढलं. किल्ली त्याच खिळ्याला लटकत होती.

नवव्या ओळीत ब्रेक ऑइल. समोर कालची बरोबरची खूण.

काल पेडलवर बसायला कुणी नव्हतं.

मिस्त्रीने खुणेकडे बघितलं. डॉक्टरीणबाई कुठे डोंगर उतरतात, त्याने मनाशी म्हटलं. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. पुढच्या खेपेला आधी तेच करू. जित्याची खोड! त्याने किलोमीटर लिहिले आणि कार्ड परत खिळ्याला लावायला हात वर केला.

हातावर लाल उजेड पडला.

पांढरी गाडी बंद होती. दारं कुलूपबंद होती. काच वर होती आणि आत कुणी नव्हतं. मागचे दोन्ही दिवे लागलेले होते, आणि सगळी भिंत लाल झाली होती.

तेव्हा कुठे मिस्त्रीला आठवलं, दुपारचं काय राहिलं होतं ते.

"सोडा, सर," तो हळूच म्हणाला. "झालं. सोडा आता."

भिंत विझली नाही.

तो थांबला. पुन्हा म्हणाला. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली आणि शाळेच्या पहारेकऱ्याने फाटकाला कडी घातली. त्या बंद गाडीच्या आतून, स्टिअरिंगच्या बाजूने, सावकाश आवाज आला.

टक टक.

मिस्त्रीने कार्डावरच्या खुणेवर काट मारली. पाना घेतला, नळी घेतली, तेलाची नवी बाटली फोडली आणि डाव्या मागच्या चाकाशी स्टूल ठेवलं. बसण्याआधी त्याने एकदा फळ्याकडे बघितलं. त्यावर गिऱ्हाइकांची आणखी सव्वीस कार्डं लटकत होती.